हेच्याखाली काय नाय

"तळ दिसता मां?"

हा त्याचा पहिला प्रश्न. नमस्कार नाही, खुशाली नाही. ऑफिसात शिरला की कापडी पिशवीतून फूटभर लांबीची स्टीलची फुटपट्टी काढायची, कॉम्प्युटरच्या पडद्याच्या काचेवर उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि ओळी मोजायच्या. खालून वर. वरून खाली मोजताना मी त्याला एकदाही पाहिलं नाही.

"वरसून कोणय मोजता," तो म्हणायचा. "वरची ओळ खंय पळान जाता? जाता ती तळाची."

मी मालवण किनाऱ्यावरच्या एका छोट्या मच्छीमार सोसायटीची सचिव. फायबरच्या लहान होड्या वीस, ऑफिस एक खोलीचं, जेटीच्या रस्त्याला लागून. माझा स्वभाव यादीचा आहे. घरातली यादी फ्रीजवर, ऑफिसातली डायरीत, काम झालं की पुढे टिक. टिक केली की ते काम डोक्यातून जातं. याचा मला अभिमान होता.

त्याला सगळे पात्रांव म्हणत. गोव्याकडची ही ख्रिस्ती घरांतली आदराची हाक आमच्या किनाऱ्यावर थोडी थट्टेनेही मारतात. त्याच्या बाबतीत दोन्ही मिसळलेलं होतं. पन्नाशीचा, सडपातळ, एकटा. वीस वर्षं पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत काढून, आई अंथरुणाला खिळली म्हणून परत आलेला. घरी बसून तो एका फुकट मिळणाऱ्या एडिटरचं काम करायचा. एडिटर म्हणजे मजकूर लिहायचा साधा प्रोग्राम. तो बनवणारी माणसं जगभर पसरलेली; कोणी रंगांचं बघतो, कोणी छपाईचं. पात्रांवकडे एकच काम होतं. पडद्यावर किती ओळी मावतील ते अचूक काढायचं.

"ह्या काय काम झाला?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

त्याने माझ्याच डायरीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. खिडकीची पूर्ण उंची घ्यायची. त्यातून वरची पट्टी वजा, खालची पट्टी वजा. उरलेल्याला एका ओळीच्या उंचीने भागायचं. येईल तितक्या ओळी.

"भागाकार चौथीतलो," तो म्हणाला. "पण उंच्या खऱ्या व्हयेत."

खालची पट्टी तुम्हीही पाहिली असेल. तळाशी बारीक असते, वेळ, ओळींचा आकडा असलं काही दाखवते. तिची उंची एक ठिपका जरी चुकली तरी शेवटची ओळ तिच्या मागे जाते. ओळ पुसली जात नाही. असते, पण दिसत नाही.

हे वेड त्याला सगळीकडे होतं. एसटीच्या पाटीवर शेवटचं गाव रंगाखाली गेलं होतं, तर त्याने डेपोत जाऊन अर्ज दिला. वाडीतल्या एका लग्नाच्या बॅनरवर खालच्या झालरीने मुलीच्या आईचं नाव झाकलं, तर हा भर मांडवात स्टुलावर चढून झालर वर खोचत होता. मासळी घेतानाही तसंच. सुलोचना पाटी घेऊन ऑफिससमोर बसायची, आणि हा वरचे ताजे बांगडे सोडून तळाचे उपसायला लागायचा.

"पात्रांव, तळ बघूक माझी पाटी उलटी करतास काय?"

"वरचे तू दाखवूक ठेवतस. खरे खाली आसतत."

"मगे खालचेच घेवा. आणि वरच्यांचे पैशे द्या!"

ती मोठ्याने हसायची. सुलोचनाचा नवरा दाजी, धाकट्या दिराबरोबर होडी चालवायचा. पात्रांवच्या घरी तिसऱ्या दिवशी मासळी तीच पोचवत असे, आणि म्हातारीच्या उशाशी बसून गजालीही करत असे.

आमच्यासाठी त्याने त्याच एडिटरची एक साधी आवृत्ती करून दिली. मी कागदी रजिस्टर ठेवत होते: कुठली होडी गेली, किती माणसं, कधी परतली. पण ते कपाटात, बायका दहा वेळा दारात यायच्या, "बाय, आमची इली?" म्हणून विचारायच्या. पात्रांवने ऑफिसच्या खिडकीत, रस्त्याकडे तोंड करून, एक जुना टीव्ही बसवला. त्यावर दिसेल तेच हुबेहूब माझ्या टेबलावरच्या पडद्यावरही दिसायचं. वरच्या चौकोनात मी नाव लिहून एंटर मारलं की ते यादीच्या तळाला जाऊन बसायचं. होडी परतली की त्या नावापुढे मी "आली" लिहायचे. नाव पुसायचं नाही. दिवसाची यादी दिवसभर पुरी दिसली पाहिजे, ही माझी अट. बाहेरून कोणी काचेतून हात घालून पान सरकवू शकत नाही, म्हणून सगळी यादी एकाच नजरेत मावली पाहिजे, ही त्याची.

तीन दिवस तो मापत होता. मराठी ओळ इंग्रजी ओळीपेक्षा उंच, हे मला तेव्हा कळलं. वर रफार, वेलांटी, खाली उकार. त्याने वीसही ओळींत एकच शब्द भरला: कुर्ली, म्हणजे आमचा खेकडा. वरही आहे, खालीही आहे. सगळ्यात उंच ओळ.

बाहेरून सुलोचना ओरडली, "गो बाय, आज येकच मासळी? आणि ती पण पात्रांवच्या टीव्हीत?"

वीस कुर्ल्या मावल्या. वीस होड्या, वीस ओळी, खाली एक बारीक पट्टी. पट्टीत वेळ आणि "बाहेर" असा एक आकडा, अजून न परतलेल्या होड्यांचा. दोन हंगाम ते बिनबोभाट चाललं. मी कागदी रजिस्टर बंद केलं. दोन ठिकाणी लिहिलं की दोन ठिकाणी चुकतं, असं मीच सभेत सांगितलं होतं.

आता जे सांगायचं ते क्रमाने सांगते.

पावसाळी मासेमारीबंदी उठायच्या आदल्या दिवशी मी त्याला बोलावलं. मला खालच्या पट्टीत वाऱ्याचा इशारा हवा होता, मोठ्या अक्षरात, म्हणजे पट्टी दोन ओळींची. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष पाहुण्यांना ऑफिस दाखवणार होते.

"करतंय," तो म्हणाला. "पण पट्टी वाढली म्हणजे सगळा परत मापूक व्हया. प्रोग्रामात तिची उंची तीन जाग्यार लिवलेली आसा. एक दिस द्या."

"पट्टी आज दिसूदे. मापा फाल्यां."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग केली. पट्टी दिसायला लागली, पाहुणे आले, नारळ फुटला. मी डायरीत लिहिलं होतं: "खालची पट्टी, मापून घेणे. पात्रांव." त्याच दिवशी दुपारी त्याची आई खाटेवरून पडली. कंबरेचं हाड मोडलं. तो तिला घेऊन आधी कुडाळला आणि तिथून गोव्याला गेला. दीड महिना तिथेच.

परत आला तेव्हा दाढी वाढलेली, पिशवी तीच. दारातूनच म्हणाला, "मॅडम, ती पट्टी. मापलास मां कोणी?"

मी डायरी उघडली. त्या ओळीपुढे टिक होती. मी केलेली. कधी ते आठवत नव्हतं. पट्टी पडद्यावर दिसत होती म्हणून पट्टीचं काम झालं, असं धरून केली असणार.

"झाला ता," मी म्हटलं. "तुमी आवशीक बघा."

तो मान हलवून गेला. म्हातारीला एकटं सोडून आला होता, घाईत होता. फुटपट्टी पिशवीतून बाहेर आली नाही. त्याच्या आयुष्यात तेवढ्याच एका वेळी.

आमच्या विसाच्या वीस होड्या एका दिवशी कधी जात नाहीत. कोणाचं इंजिन बंद, कोणाकडे बारसं, कोणी आदल्या दिवसाच्या दारूतून उठलेला नाही. पंधरा, सोळा, फार तर सतरा. म्हणून विसाव्या ओळीचं काय झालं आहे ते अडीच महिने कोणाला कळलं नाही.

ऑक्टोबरात बांगडा किनाऱ्याला लागला. सकाळी सगळ्याच सुटल्या. दाजीचं इंजिन कुरकुरत होतं, तो सर्वांत शेवटी निघाला. मी वरच्या चौकोनात लिहिलं: दाजी, दोन माणसं. एंटर मारला आणि फोन घेतला.

दुपारी वारा फिरला. इशारा पट्टीत मोठ्या अक्षरात झळकला, माझ्या मनासारखा. होड्या एकेक करून परतू लागल्या. मी "आली" लिहीत गेले. चारच्या सुमारास पडद्यावर एकही ओळ रिकामी नव्हती. एकोणीस नावं, एकोणीस "आली". सकाळी किती नावं घातली ते लक्षात ठेवायची मला गरज नव्हती. त्यासाठीच तर यादी होती.

खाली पट्टीत मात्र आकडा होता. बाहेर: १.

मी तो पाहिला. हे मला लिहायलाच हवं. मी तो पाहिला, आणि मनात म्हटलं, पट्टी नवीन आहे, आकडा चुकतोय, पात्रांवला सांगायला हवं. डायरीत टिपलंसुद्धा: "पट्टीतला आकडा चूक. दुरुस्ती." मग बंदरावर फोन करून कळवलं की आमच्या सगळ्या आल्या. पत्रे उडतील असा वारा होता, म्हणून टीव्ही तसाच चालू ठेवून लवकर कुलूप लावलं.

संध्याकाळी सुलोचना काचेपाशी आली होती. तिने वरपासून खालपर्यंत नावं वाचली, पट्टीतल्या आकड्याकडे बघितलं नाही. दाजीचं नाव नाही. तो म्हणालाच होता, वारो इलो तर देवगडाक लागतलंय, बहिणीकडे. फोन लागत नव्हता, पण समुद्रात तो लागत नाहीच. नाव नाही म्हणजे त्याने कळवलं असेल, बायने नाव काढलं असेल, असा हिशेब तिने केला. घरी गेली. मुलांना जेवू घातलं.

सकाळी मी कुलूप काढायला गेले तर ती पायरीवर बसलेली.

"बाय, दाजी देवगडाक लागलो मां?"

मी आत जाऊन पडदा पाहिला. एकोणीस नावं. खाली तोच आकडा. मी काय विचार केला ते सांगता येत नाही; हाताने अक्षरं एक माप लहान केली. यादी वर सरकली. आणि पट्टीच्या मागून, जशी काही तिथेच उभी होती तशी, विसावी ओळ बाहेर आली. दाजी, दोन माणसं. पुढे काही नाही.

सुलोचना काचेच्या बाहेर होती. तिनेही ती त्याच क्षणी वाचली.

दुपारी देवगडच्या एका होडीला धाकटा भाऊ सापडला, बर्फाच्या पेटीच्या झाकणाला धरून. दाजी तिसऱ्या दिवशी मिळाला, उलटलेल्या होडीजवळ. भाऊ शुद्धीवर आल्यावर एवढंच म्हणाला, "उजाडापर्यंत तो माझ्याशी बोलत होतो."

संध्याकाळी कोणी निघालं असतं तर. हे वाक्य त्या आठवड्यात वाडीतल्या प्रत्येक तोंडी होतं.

तातडीची सभा बोलावली. पात्रांव आला. सोबत फुटपट्टी. त्याने कोणाला बसा म्हणू दिलं नाही. सरळ टीव्हीपाशी गेला, वीसही ओळींत कुर्ली भरली, फुटपट्टी लावली आणि खालून मोजलं. एकोणीस. पट्टीची उंची मोजली. मग वळला. एरवी आमच्याशी मालवणीत बोलणारा तो माणूस त्या दिवशी कचेरीच्या मराठीत बोलला.

"पट्टी दुप्पट केली आणि प्रोग्रामात जुनीच उंची राहिली. विसावी ओळ तिच्या मागे गेली. मापायचं काम माझं होतं. चूक माझी आहे."

"घरात बसान माणसां मारतास!" मागून कोणीतरी ओरडलं. आणखीही बोलले, ते लिहीत नाही. तो खाली मान घालून नव्हता. बोलणाऱ्या प्रत्येकाकडे बघत होता, ओळ चुकू नये तसा.

माझी डायरी माझ्या मांडीवर होती. त्यात टिक होती. मी उभी राहिले नाही.

सभेने ठराव केला की टीव्ही काढावा. त्याने एकच मागितलं, आठ दिवस. दारात बसून, येणाऱ्याजाणाऱ्याचं ऐकत, त्याने सगळं पुन्हा लिहिलं. आता पट्टीची उंची कुठेच लिहून ठेवलेली नाही. दर वेळी प्रोग्राम पट्टीलाच विचारतो, तू केवढी आहेस. नावं मावली नाहीत तर अक्षरं आपोआप लहान होतात. आणि यादी संपली की तिच्या खाली, पट्टीच्या वर, तो स्वतः एक ओळ काढतो:

हेच्याखाली काय नाय.

"ही ओळ दिसली तरच यादी खरी," त्याने मला सांगितलं. "दिसली नाय तर कोणावर विश्वास ठेवू नका. माझ्यावरय नको."

अध्यक्षांनी पाहिलं, टीव्ही राहिला. पात्रांवला मात्र वाडीने सोडलं. चर्चमधले बोर्ड त्याच्याकडून करून घेणं थांबलं. जेटीवर पोरं फुटपट्टीची नक्कल करायची. त्याने मासळी घेणं बंद केलं. रोज पेज आणि लोणचं. सुलोचना त्याच्या घरी जाईनाशी झाली, आणि म्हातारी तिची वाट बघत दिवसभर दाराकडे तोंड करून पडायची. जानेवारीत म्हातारी गेली. खांदा द्यायला गोव्याहून माणसं आली.

महिन्याभराने तो ऑफिसात आला. घराला कुलूप लावून बहिणीकडे म्हापशाला निघाला होता. पिशवी टेबलावर ठेवली, फुटपट्टी काढली, पडद्याला लावली. खालून मोजलं. मग ती फुटपट्टी माझ्यासमोर ठेवली.

"ही तुमका."

माझ्याने राहवेना. "पात्रांव, त्या दिसाक तुमी इचारलास, तेव्हा मी..."

"टिक," तो म्हणाला. "बघलंय मी. सभेच्या आदल्या दिसाक. तुमची वही टेबलार उघडी होती."



"मगे सांगलास नाय कित्याक?"

त्याने पिशवीचे बंद गाठ मारून नीट केले.

"तुमका हयसर रवाचा आसा. माका खंयव जावक येता. आणि हो लोकांचो तुमच्यावरचो विश्वास गेलो तर होडयेर जाताना कोण तुमका सांगतलो? यादी कोणीतरी करूक व्हयी मां." मग पिशवी खांद्याला लावून, "पण मॅडम, बाहेर एक, असा तिणा दाखवल्यान. पट्टी खरा बोलत होती. तां तुमी इसरू नका."

तेवढं बोलून तो पायऱ्या उतरला. एसटी स्टँडकडे जाताना सुलोचनाच्या दारावरून जावं लागतं. तो गेला तेव्हा ती अंगणात जाळं उकलत होती. तिने मान वर केली नाही. तोही थांबला नाही.

तिने आता पाटी पुन्हा घेतली आहे. दीर समुद्रात जात नाही. तिचा मोठा भाऊ ती होडी चालवतो. संध्याकाळी ती काचेपाशी येते. नावं वाचत नाही. आधी वाकून तळाची ओळ बघते, तिच्यावर बाहेरून बोट ठेवते आणि मग वर चढत जाते. खालून वर. तिला हे कोणी शिकवलं नाही.

काल मी वार्षिक सभेची विषयपत्रिका त्याच एडिटरात, खिडकीतल्या टीव्हीवर दिसेल अशी, लिहिली. मागील सभेचं इतिवृत्त, बर्फाचा पुरवठा, जेटीवरचे दिवे. सात विषय झाले. आठवा लिहून मी तो तीन वेळा पुसला आणि चौथ्यांदा ठेवला:

"८. खालच्या पट्टीचं माप न घेता काम पूर्ण झाल्याची खूण कोणी केली, याबाबत सचिवांचं निवेदन."

मग फुटपट्टी काढली. काचेला लावली, खालून मोजलं. पट्टी. तिच्या वर, हेच्याखाली काय नाय. तिच्या वर, आठवा विषय. तरी खात्री होईना, म्हणून रस्त्यावर उतरले आणि सुलोचना उभी राहते तिथे जाऊन पाहिलं.

पत्रिका पुरी दिसत होती.